करडीच्या तेलातलं चित्र

चित्र अजून वाळलेलं नाही. थंडी सरली, दुपारी पंखा लावावा लागतो, तरी खांद्याजवळ बोट टेकवलं की खाकी रंग बोटाला येतो. मी बियाण्यांच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत काम करतो. दाण्यात ओलावा किती आणि शंभर दाण्यांतले किती उगवले, एवढंच सांगायचं माझं काम. त्यामुळे घरातलं चित्र वाळत नाही, हे मला जरा जास्तच लागतं.

चित्र माझ्या बायकोचं आहे. ती जालना डेपोला बसवर कंडक्टर आहे. चित्रात ती वर्दी घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आहे. मागची भिंत, खुर्चीची पाठ आणि वर्दी यांच्या कडा एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. नीट दिसतो तो फक्त उजवा गाल आणि कपाळाचा थोडा भाग, आणि तोही फार जवळ गेलं की पुसट होतो. असं चित्र काढायचं मी ठरवलं नव्हतं. मला सरळ, ठळक चित्र काढायचं होतं.

गेल्या पावसाळ्यात गावाकडे माझी आई, जिला आम्ही माय म्हणतो, ओसरीवरून उतरताना पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आमचं गाव वडीगोद्रीच्या पुढे, आडबाजूला. तिथे माझा मोठा भाऊ आणि वहिनी शेती बघतात. ऑपरेशन जालन्याला झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता उभं राहणं अवघड, बिछान्यावरच सगळं करावं लागेल. वहिनीची कंबर आधीच गेलेली. म्हणून माय आमच्याकडे राहिली. उत्तरेच्या खिडकीची खोली तिला दिली, खाट लावली, खिडकीशेजारी बुद्धाची तसबीर तिला पडल्या पडल्या दिसेल अशी खाली सरकवली.

आम्ही दोघंही नोकरीला. दिवसा एक बाई ठेवली. बाई चांगली होती, हात हलका होता. जेवण, औषध, एवढं माय तिच्याकडून घ्यायची. पण लघवीचं भांडं द्यायची किंवा अंग पुसायची वेळ आली की तोंड भिंतीकडे करायची आणि म्हणायची, "सून येऊ दे." सून यायची संध्याकाळी. तोवर निभावं म्हणून मायने दिवसा पाणी पिणंच सोडलं.

हे मला बाटलीवरून कळलं. उशाशी पाण्याची बाटली भरून ठेवून मी कामाला जायचो. संध्याकाळी आलो की पाणी गळ्यापाशीच. आधी वाटलं, बाईने पुन्हा भरली असेल. मग एक दिवस बाटलीवर पेनाने रेघ मारून गेलो. परत आलो तेव्हा पाणी रेघेवरच होतं. पुढे लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला, पुन्हा दवाखाना. डॉक्टर बोलले ते मलाच बोलले, आणि बरोबर बोलले.

भाऊ भेटायला आला तेव्हा चपला काढता काढताच त्याने विषय काढला. "घरात सून असताना मायला परक्या बाईच्या हातात द्यायचं? लोकं काय म्हणून राह्यलेत गावात, तुला न्हाई माहीत."

मी म्हणालो, "भाऊ, तिची ड्युटी असते."

"ड्युटी म्हंजे काय कलेक्टरची खुर्ची हाय का? तिकिटंच तर फाडायची. सोडून द्यावं बिलकुल."

बायको आत भाकऱ्या थापत होती. थापायचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. जेवायला वाढताना ती म्हणाली, "भाऊ, वर्षअखेरपर्यंत करते. मंग अर्ज देते."

कुणी तिला नको म्हणालं नाही. मीही नाही. माय डोळे मिटून पडली होती, पण जागी होती. पापण्या हलत होत्या. मायचं म्हणणं चूक आहे असं मला वाटत नव्हतं. उभा जन्म जिने अंगावरचा पदर ढळू दिला नाही, तिने अनोळखी बाईसमोर उघडं व्हायचं कसं? आणि जिने एवढी वर्षं भरल्या गाडीत उभं राहून नोकरी केली, तिने ती सोडायची कशी? दोन्ही बाजू मांडून पाहिल्या की दोन्ही खऱ्याच निघायच्या. माझ्या कामात असं होत नाही.

त्यानंतरच्या सुटीला ती कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "अहो, पोरीने दिलेल्या त्या रंगाच्या नळ्या माळ्यावर पडून आहेत ना?"

आमची मुलगी शिकायला बाहेरगावी असते. तिने मला वाढदिवसाला तैलरंग आणि दोन कॅनव्हास दिले होते. मी ते कोऱ्या खोक्यात तसेच ठेवले होते.

"आहेत."

"मंग सोडायच्या आधी एकदा वर्दीत काढा मला. फोटोत मी घाबरलेली दिसते."

"मला माणसं काढता येत नाहीत. मी पाट्या काढल्यात."

"पाटीसारखंच काढा. खाली भाव लिहू नका म्हंजे झालं."

पाट्या मी बदनापूरला शिकत असताना काढायचो. संध्याकाळी एका पेंटर उस्तादांकडे जायचो. दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती. उस्ताद म्हणायचे, "कडा बराबर धर, रंग आपोआप बसतो." माझा हात त्या एका वाक्यावर तयार झाला होता. नोकरी लागल्यावर ब्रश सुटला.

घरात सगळ्यात शांत उजेड मायच्या खोलीत. ऊन आत येत नाही, सावली दिवसभर जागची हलत नाही. म्हणून खुर्ची तिथेच टाकली, खाटेपासून हातभर अंतरावर. बायकोच्या सुटीच्या दिवशी दुपारी, मायचं सगळं आवरून झालं की ती वर्दी चढवायची आणि येऊन बसायची. माय कुशीवर होऊन बघायची. एवढे महिने छताकडे बघून कंटाळलेल्या माणसाला तेवढाच खेळ.

"हलू नको म्हणतो तो," माय सुनेला सांगायची.

"आत्या, बसायची सवयच न्हाई मला. बसले की वाटतं कुणाचं तरी तिकीट राह्यलं."

"मंग तोंड तरी बंद ठेव."

"तोंड बंद ठेवलं तर गाडी चालंल का?"

मी पहिल्यांदा सगळं मोजून काढलं. डोळ्यांची रेघ डोक्याच्या बरोबर मध्यावर. दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याचं अंतर. नाकपुडीची रुंदी तेवढीच. खांदे पट्टी धरून सरळ. मग कडा आखल्या, उस्तादांनी शिकवल्या तशा, आणि आतून रंग भरला. दोन सुट्या त्यातच गेल्या. कॅनव्हास वळवून दोघींना दाखवला.

बायको बराच वेळ बघत राहिली. "माझं आधार कार्ड केलंत की हो."

माय म्हणाली, "ही कोण पोलिसीण?"

"तुझी सून आहे माय."

"हट. तिचा एक खांदा पडेल हाय. तू दोन्ही सरळ कशाला केले?"

मी बायकोकडे पाहिलं. खरंच, डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. पैशांची बॅग वर्षानुवर्षं त्याच खांद्यावर. मी जवळ जाऊन बोटं लावून मोजलं. ती म्हणाली, "काय बघताय? रिकाम्या खांद्यानंसुद्धा असाच राहतो आता तो."

तो कॅनव्हास मी खरवडून काढला आणि रंग पुसून टाकला. दुसऱ्या कॅनव्हासवर पुन्हा सुरुवात केली. त्या दिवशी आभाळ होतं, खोलीत उजेड कमी होता, आणि माझ्या चष्म्याला रंग लागला म्हणून मी तो काढून ठेवला होता. चष्म्याशिवाय मला चार हातांवरचं नीट दिसत नाही. बायकोचे डोळे, नाक, बटणं, काहीच दिसेना. दिसले ते तीन डाग. केसांचा काळा, वर्दीचा मधला, गालावरचा उजळ. वर्दीचा डाग भिंतीत कुठे संपतो तेही कळत नव्हतं, कारण आमची भिंत पिवळट आणि खाकी तिच्याच जातीची. मी तेवढंच लावलं. पिवळी माती, त्यात थोडा निळा, थोडा पांढरा. भिंतीला तोच रंग, पांढरा जरा जास्त. मग कोरडा, रुंद ब्रश घेऊन दोन्हींच्या मधल्या रेघेवरून हळूच फिरवला. रेघ गेली. पाटीवाल्या हाताला ते काहीतरी बिघडवल्यासारखं वाटलं. आमच्या तपासणीत ओल्या कागदावरचा दाणा उघडून बघतात. कोंब नीट असेल तर उगवला, वाकडा असेल तर विकृत, नसेल तर मेला. जवळजवळ उगवला, असा रकाना नाही. इथे मी सगळा माणूसच त्या नसलेल्या रकान्यात लिहीत होतो.

चष्मा घालून पाहिलं तर काहीच नव्हतं. चार पावलं मागे जाऊन पाहिलं तर ती होती. पडलेल्या खांद्यासकट.

माय म्हणाली, "आता आली बघ."

एक अडचण होती. रंग पातळ करायला टर्पेंटाइन लागतं, आणि त्याच्या वासाने मायला खोकला सुटायचा. हाड मोडलेल्या माणसाला खोकला म्हणजे शिक्षाच. म्हणून टर्पेंटाइन बंद केलं आणि नुसत्या जवसाच्या तेलावर काम चालवलं. बाटली लहान, लवकर संपली. जालन्यात दोन दुकानं फिरलो, मिळाली नाही. तेव्हा उस्तादांचं आठवलं. जवस संपलं की ते करडीचं वापरायचे. म्हणायचे, करडी सुस्त आहे, उशिरा सुकते, पण सुकते, आणि पांढरा रंग पिवळा पडू देत नाही. आमच्या घरात भाजीला करडीचंच तेल, घाण्यावरून आणलेलं. स्वयंपाकघरातल्या डब्यातून वाटीभर काढून घेतलं आणि एकाला दोन असं मोजून रंगात मिसळलं. रंग छान सरकायला लागला. एका सुटीपासून दुसऱ्या सुटीपर्यंत ओला राहायचा, त्यामुळे कडा पुन्हा पुन्हा विरघळवता यायच्या. मला ते सोयीचंच वाटलं.

डिसेंबर लागला. भावाचा फोन आला. मायने त्याला चित्राचं सांगून ठेवलं होतं, कौतुकानेच.

"माय बिछान्यावर अन् तू चित्रं काढून राह्यलास?"

"सुटीच्या दिवशी काढतो भाऊ."

"बरं हाय बाबा तुमचं. अर्ज दिला का तिनं?"

"वर्षअखेर म्हणाली होती ना."

"आता काय वर्ष राह्यलंय का?"

फोन ठेवला. बायको दारात उभी होती, बॅग अजून खांद्यावर. रात्रीचा मुक्काम करून आली की तिचे पाय सुजलेले असायचे. आल्या आल्या मायला पुसायची, कपडे बदलायची, मग स्वतःचा चहा. मी भाजी चिरायचो, बाजार करायचो, दळण आणायचो. माझ्याही अंगात त्राण नसायचं. पण मायच्या खोलीचं दार लोटून ती आत जायची तेव्हा मी बाहेर थांबायचो. तसंच चालत आलं होतं. मायचं ते काम मुलाचं नाही, हे आमच्यात कुणी बोललं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

पुढच्या सुटीला खुर्चीत बसल्या बसल्या ती सांगत होती, "वडीगोद्रीला एक म्हातारी चढते. रोज शंभर गोष्टी. काल म्हणाली, बाई, मधी दिसली न्हाईस. म्हटलं, पुढं तर दिसणारच न्हाई."

"मंग?" मायने विचारलं.

"मंग काय. म्हणाली, नवीन पोरं गाडी थांबवत न्हाईत गं माझ्यासाठी."

मग बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी घंटी मारल्याशिवाय गाडी हलत न्हाई. भरल्या गाडीत, गर्दीत, ड्रायव्हर तेवढ्या एका आवाजाची वाट बघत बसतो. घरात मी घंटी कुणाला मारू?"

माय छताकडे बघत होती. मी ब्रश पुसत राहिलो.

वर्ष संपायला आठवडाही नव्हता तेव्हाची गोष्ट. ती मुक्कामी गाडी करून सकाळी आली होती. मायची अंघोळ, स्वयंपाक, धुणं. जेवण झाल्यावर म्हणाली, "आज पुरं करून टाका. पुढच्या सुटीला वर्दी असंल नसंल." वर्दी चढवली आणि बसली.

मी डोळ्यांचं काम धरलं होतं. तेच राहिलं होतं. नजर कुठे ठेवू ते ठरत नव्हतं. पाहता पाहता तिची मान जरा कलली. मला वाटलं उजेड टाळते आहे. पापण्या खाली आल्या, तोंड किंचित उघडलं, आणि ती झोपली. बसमध्ये माणसं झोपतात तशी, अंग सावरून धरलेलं, हात मांडीवर बॅग असल्यासारखे.

झोपेत तिचा चेहरा सैल पडला होता. डोळ्यांखालची सावली मी इतके दिवस तपकिरी लावत होतो, ती निळसर होती. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या रेघा जागेपणी बोलण्यात, हसण्यात लपायच्या, आता तशाच उघड्या होत्या. एवढं दमलेलं माणूस माझ्याच घरात रोज वावरत होतं. मी उघडे डोळे पुसून टाकले आणि मिटलेल्या पापण्या लावायला घेतल्या.

"ऐक." मायचा आवाज अगदी हळू.

"काय माय?"

तिने खाटेखालच्या भांड्याकडे नुसतं बघितलं. मी ब्रश ठेवला आणि बायकोला उठवायला खुर्चीकडे वळलो.

"उठवू नको."

"मंग?"

बाहेर भंगारवाल्याचा भोंगा गल्लीतून पुढे गेला. माय सुनेच्या तोंडाकडे बघत होती. किती वेळ बघितलं सांगता येणार नाही. मला वाटलं, ती दाबून धरणार, संध्याकाळपर्यंत, नेहमीसारखी.

मग म्हणाली, "तुझे हात रंगाचे हायेत. धुऊन ये."

मी मोरीत गेलो. तेलाचा रंग नुसत्या पाण्याने जात नाही. चिंधीने पुसला, मग साबण, पुन्हा साबण. नखांत राहिला तो राहिला. कोमट पाणी घेतलं, कपडा घेतला. परत आलो तेव्हा मायने पदर डोक्यावरून ओढून पूर्ण तोंडावर घेतला होता.

कसं करायचं ते मला ऐकून माहीत होतं. एका हाताने कूस द्यायची, ऑपरेशनचा पाय दुसऱ्या पायावर येऊ द्यायचा नाही, मधे उशी. माय हलकी झाली होती. पदराखालून तिचा आवाज येत होता, स्वयंपाक शिकवावा तसा. "घाबरू नको. भांडं सरळ धर. अजून आत. हां." मग काहीच नाही. मी खिडकीकडे बघत उभा राहिलो. मग कोमट पाण्याने पुसलं, कोरड्या कपड्याने टिपलं, पावडर लावली, खालचा कपडा बदलला. भांडं नेऊन धुतलं.

"झालं?" पदराखालून.

"झालं."

"चादर नीट कर."

"केली."

पदर खाली आला. तोंड घामेजलं होतं. माझ्याकडे बघितलं नाही. सुनेकडे बघून म्हणाली, "हिचं तोंड तर उघडंच राह्यलं. असंच काढशील काय?"

"काढू का?"

"काढ. दमली तर दमली."

मी ब्रश उचलणार एवढ्यात ती म्हणाली, "आधी पाणी दे."

भर दुपार होती. बाटलीतलं पाणी रेघेवर होतं. तिने एक फुलपात्र पाणी प्यायलं, थांबली, आणि पुन्हा फुलपात्र पुढे केलं.

बायको जागी झाली तेव्हा उजेड उतरायला लागला होता. दचकून उभी राहिली, हात आधी खांद्याकडे गेला, बॅग आहे का बघायला. "आत्या, तुमचं राह्यलं का हो... भांडं..."

"झालं ते."

"कोणी केलं?"

"हा हाय ना एवढा घोडा."

बायकोने मोरीजवळ उपडं ठेवलेलं भांडं बघितलं, मग माझे हात बघितले, नखांतला खाकी बघितला. परत खुर्चीत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "झोप लागली तर उठवायचं होतं मला."

"तुझा स्टॉप आला नव्हता," मी म्हणालो.

ती हसली नाही. पण उठलीही नाही. चहा मी केला.

दुसऱ्या दिवशी सगळं सोपं झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी मायने मला पुन्हा बाहेर घालवलं. तिसऱ्या दिवशी बोलावलं आणि पुसता पुसता रागावली की पाणी गार आहे. मग हळूहळू बसलं. कारखान्यात मी दुपारची पाळी मागून घेतली, बायकोने डेपोत पहाटेची गाडी. सकाळ माझी, संध्याकाळ तिची, मधले दोन-तीन तास बाईचे. त्या वेळात माय बाईकडून जेवते, बाकीचं नाही. आम्ही दोघं आता पहाटे दारातच भेटतो. मी उठतो तेव्हा ती निघते.

भावाला फोन मी दोघींसमोर केला. "भाऊ, ती अर्ज देत नाही."

"मंग मायचं कोण करतंय?"

"सकाळचं मी करतो."

"तू? मायचं?"

"हो."

"अन् माय करू देते?"

"तोंडावर पदर घेते."

पलीकडे कुठेतरी मोटार चालू असल्याची घरघर येत होती. मग तो म्हणाला, "गावात सांगू नको कोणाला."

"मी कशाला सांगू? तुम्हीच सांगू नका."

वर्ष संपलं. अर्ज दिला नाही, देणार नाही, असं काही आमच्यात बोलणं झालं नाही. नव्या वर्षाच्या पहाटे तिने बॅग खांद्याला लावली आणि ती पहिल्या गाडीला गेली.

चित्राला मी शेवटचा हात त्याच आठवड्यात लावला. मग वाळायची वाट बघितली. जानेवारीत वाटलं थंडी आहे, करडी सुस्त आहे. फेब्रुवारीत मात्र संशय आला. माझ्या सवयीप्रमाणे मी काचेच्या तीन पट्ट्या घेतल्या. एकीवर दुकानातून नवं आणलेलं जवस, दुसरीवर घाण्यावरचं ताजं करडी, तिसरीवर आमच्या डब्यातून काढलेलं, वाटीत उरलेलं तेल. तिन्हीत तोच रंग, तेवढाच. खिडकीत ठेवल्या. जवस आधी सुकून धरलं, करडीने वेळ घेतला पण धरलं. तिसरी पट्टी होती तशीच, ओली.

"डब्यातलं तेल करडीचंच ना?" मी बायकोला विचारलं. ती पाय कोमट पाण्यात सोडून बसली होती.

"होतं. कमी पडलं म्हणून मी वरून शेंगदाण्याचं ओतलं."

"कधी?"

"दसऱ्याच्या आसपास."

शेंगदाण्याचं तेल कधीच सुकत नाही. उस्तादांनी हेही सांगितलं होतं. डब्यावर 'करडी' अशी चिठ्ठी मीच लावली होती आणि चिठ्ठीवर विश्वास ठेवला होता.

"सांगायचं ना मला."

"भाजीत तुम्हाला कळलं न्हाई. चित्रालाच कळलं."

"ते आता वाळणार नाही. टांगता येणार नाही."

"मंग नका टांगू. टांगून काय हार घालायचाय का मला?" तिने पाय पुसले. "असू द्या इथंच, आत्याच्या खोलीत."

म्हणून ते मायच्या खोलीत कपाटावर उभं आहे. धूळ बसू नये म्हणून समोर खोक्याचा पुठ्ठा लावला आहे. माय सांगते तेव्हा काढतो. हनुवटीची कडा थोडी आणखी विरघळली आहे, एक बारीक किडा वर्दीत अडकून राहिला होता तो सुईने काढला. मिटलेल्या पापण्या आहेत तशा आहेत. जवळून बघितलं तर काही कळत नाही, दारातून बघितलं तर ती खुर्चीत झोपलेली दिसते. सकाळी घरात आम्ही दोघंच असतो, मी आणि माय. मला रात्री पुरेशी झोप होत नाही, कारखान्यात दुपारी दाणे मोजताना डोळे जड होतात, आणि पूर्वी एकदाच मोजायचो ते आता दोनदा मोजतो. उशाशी बाटली असते. पेनाची रेघ पुसत आली आहे. अकरा वाजेपर्यंत पाणी तिच्या बरंच खाली गेलेलं असतं, आणि कामाला जायच्या आधी मी ती पुन्हा भरतो.

आज सकाळी पुठ्ठा काढून मी खांद्याजवळ बोट टेकवून बघितलं. सवय जात नाही. बोटाला खाकी आला.

खाटेवरून मायने पदर डोक्यावर ओढत सांगितलं, "हात धुऊन ये."